हा ग्राहक उठू शकत नाही

ग्राहक जागृती मंडळाचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड झाली, कारण त्या सभेला मी हजर नव्हतो. दाढ दुखत होती म्हणून मी दंतवैद्याकडे तोंड उघडून बसलो होतो, आणि ज्यांनी तोंड उघडायला हवं होतं ते माझे सहकारी सभेत तोंड मिटून बसले होते. खरं तर हा विषय वाणिज्य विभागाचा. पण वाणिज्यवाल्या सरांना व्यवहार कळतो. ते वेळेवर आले, पुढच्या रांगेत बसले आणि माझं नाव सुचवून मोकळे झाले. मी शिकवतो भूगोल. भूगोलाचा आणि ग्राहकाचा संबंध काय, असं मी प्राचार्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की ग्राहक पृथ्वीवरच राहतात ना. अशा रीतीने मी अध्यक्ष झालो.

वरून परिपत्रक आलं होतं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ग्राहक म्हणून आपले हक्क कितपत ठाऊक आहेत याची पाहणी करायची आणि मग त्यांच्यात जागृती घडवायची. त्याप्रमाणे मी माझ्या वर्गात प्रश्नावली वाटली. हक्क सगळ्यांना पाठ होते. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, म्हणणं मांडण्याचा, सगळे अगदी पाढ्यासारखे ओळीने लिहिलेले. पुढचा प्रश्न होता, तुमची फसवणूक झाली तेव्हा तुम्ही काय केलंत. इथे पाढा संपला. ज्याच्या नव्या बुटाचा तळ निघाला त्याने तो चिकटवून घेतला होता. वर्गात ज्याला सगळे पैलवान म्हणतात, त्याने दुकानदाराकडे रागाने पाहिलं होतं. एकाने आपल्या मित्रालाही त्याच दुकानात धाडलं होतं, म्हणजे आपण एकटेच मूर्ख ठरत नाही. आणि शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने फक्त एवढंच लिहिलं होतं: मला मागायला लाज वाटते.

या मुलीला वर्गात मौनी म्हणत. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता, आणि तोही शेजारणीने कोपर मारल्यावर. तिचं उत्तर वाचून मला जरा गुदगुल्या झाल्या, कारण ते उत्तर माझंच होतं. न्हावी आरसा मागे धरून 'ठीक आहे ना' असं विचारतो, तेव्हा एक कल्ला वर आणि एक खाली दिसत असूनही 'छान' म्हणणारा माणूस मी आहे. हॉटेलात चुकून दुसऱ्याच टेबलावरचं ताट माझ्यापुढे आलं, तर ते मी संपवतो, वर वेटरला थँक्यूही म्हणतो. बायकोच्या मते मला दुकानात एकट्याला सोडणं म्हणजे शेळीला चाऱ्याच्या नव्हे, खाटकाच्या दुकानात सोडणं आहे.

अशाच एका एकट्याने केलेल्या खरेदीत ती खुर्ची आमच्या घरी आली होती.

पाठीसाठी डॉक्टरांनी मला चांगली खुर्ची घ्या म्हणून सांगितलं होतं. फर्निचरवाल्याने जी दाखवली ती खुर्ची कसली, लहानसं विमान होतं. बाजूची दांडी ओढली की पाठ मागे जायची, पायाखालून एक फळी वर यायची आणि माणूस आडवा व्हायचा. दांडी परत ढकलली की माणूस उभा, असं कंपनीचं म्हणणं होतं. दुकानात तसं झालंही. घरी आल्यावर मात्र खुर्ची मागे जायची आणि तिथेच राहायची. मग मी डोकं खाली, पाय वर, अशा अवस्थेत बायकोला हाका मारायचो. ती हातातलं काम आटोपून यायची, आणि तिचं काम आटोपेपर्यंत मी छताला नव्याने गेलेले तडे बघत पडायचो. ती नसली की कुशीवर वळून जमिनीवर गडगडायचं. पाठीसाठी आणलेल्या खुर्चीमुळे आता खांदाही दुखू लागला.

फर्निचरवाला हा अत्यंत हसतमुख माणूस. मी फोन केला की त्याला माझा आवाज ऐकून खरोखरच आनंद व्हायचा. पहिल्यांदा तो म्हणाला की सर, नवी आहे, वापराने सैल होईल. दुसऱ्यांदा म्हणाला की तुमचं वजन या मॉडेलला जरा कमी पडतंय. मी महिनाभर भात वाढवला. तिसऱ्यांदा म्हणाला की उठताना मनात शंका ठेवू नका, खुर्चीला ते कळतं. फोन ठेवताना दर वेळी मीच त्याचे आभार मानले.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे काका निवृत्त इंजिनिअर आहेत, आणि निवृत्त इंजिनिअरला बिघडलेली वस्तू दिसणं म्हणजे उपाशी माणसाला पान वाढण्यासारखं आहे. त्यांनी सांध्यात तेल घातलं. त्याने खुर्ची उठली नाही, पण माझ्या दोन पँटी गेल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे जाणारच नाही असं सुचवलं. हे खरं होतं, फक्त मग त्या खुर्चीत आणि जिन्याच्या पायरीत फरक काय उरतो हे मी त्यांना विचारलं नाही. माझ्या मेव्हण्याने फोनवरूनच निदान केलं की दोष खुर्चीत नाही, भाओजींच्या बसण्यात आहे.

हे सगळं मी वर्गात सांगणार नव्हतो. मी फळ्यावर 'जागो' हा शब्द लिहून, ग्राहकाने अन्याय सहन करता कामा नये, सदोष वस्तू दुरुस्त करून किंवा बदलून घेतलीच पाहिजे, नाहीतर पैसे परत मागितलेच पाहिजेत, असं तावातावाने बोलत होतो. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक बारीक आवाज आला.

"सर, तुम्ही कधी तक्रार केलीय?"

सगळा वर्ग मागे वळला. मौनी बोलली याचंच सगळ्यांना इतकं आश्चर्य वाटलं की ती काय बोलली हे कळायला थोडा वेळ गेला. ती स्वतःच दचकून खाली बघत होती. माझ्यासारख्या मुरलेल्या प्राध्यापकाने अशा वेळी 'चांगला प्रश्न आहे, यावर आपण नंतर चर्चा करू' असं म्हणायचं असतं. पण माझ्या तोंडून खुर्ची निसटली. एकदा निसटली ती सगळीच, दांडीपासून पँटींपर्यंत. वर्ग हसत होता, पण तास संपला तेव्हा मंडळाचा पहिला प्रकल्प ठरलेला होता: सरांची खुर्ची.

पुढच्याच दिवशी शिष्टमंडळ घरी आलं. आलेल्या प्रत्येकाने खुर्चीत बसून खात्री करून घेतली आणि प्रत्येकाला पैलवानाने ओढून काढलं. बायको चहा करून थकली, पण खूश होती. इतक्या दिवसांनी या घरातल्या एखाद्या खरेदीची कोणीतरी गांभीर्याने चौकशी करत होतं. मग पुरावा म्हणून मला खुर्चीत बसवून दांडी ओढण्यात आली आणि फोटो घेतला गेला. फोटो तक्रारीला जोडायचा आहे अशी माझी समजूत होती. दोन दिवसांनी कॉलेजच्या फाटकापासून ग्रंथालयापर्यंत भिंतीभिंतीवर मी आडवा पडलेला होतो, तळवे बघणाऱ्याकडे, एक मोजा फाटका, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'हा ग्राहक उठू शकत नाही. तुम्ही तरी उठा.'

जागृती झाली यात वाद नाही. कॉलेजचा शिपाई मला जिन्यात भेटला की हात पुढे करू लागला. वाणिज्यवाले सर फोटोत तुम्ही फार नैसर्गिक दिसता म्हणाले. दूधवाल्याचा मुलगा आमच्याच कॉलेजात असल्यामुळे दूधवाल्याने बायकोला विचारलं की साहेबांना आता बरं आहे का.

तिकडे कागदपत्रांची जमवाजमव सुरू झाली. बिल मी जपून ठेवलं होतं, याचा मला अभिमान होता. पाकिटातून काढून मी ते ऐटीत टेबलावर ठेवलं. कागद कोराकरकरीत होता. हल्ली बिलं ज्या गुळगुळीत कागदावर छापतात त्यावरची शाई उन्हाने, उष्णतेने, आणि मला वाटतं दुकानदाराच्या इच्छेनेही, उडून जाते. मी दुकानात जाऊन नक्कल मागितली. फर्निचरवाल्याने आनंदाने मान हलवली, फक्त मूळ बिलावरचा नंबर तेवढा लागेल म्हणाला. मी कोरा कागद उजेडात धरून पाहिला, त्यानेही पाहिला, आणि आम्ही दोघांनी मिळून हळहळ व्यक्त केली. शेवटी मौनीने कुठूनसं वाचून काढलं की कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेचा उतारा चालतो. हे तिने पैलवानाच्या कानात सांगितलं आणि पैलवानाने मला. वर्गातल्या त्या एका प्रश्नानंतर तिचं सगळं बोलणं असंच त्याच्यामार्फत येत असे.

यानंतर जागृती सप्ताहात खुर्चीचं प्रदर्शन मांडायची कल्पना निघाली. माझा विरोध होता, पण अध्यक्षाला मत नसतं. पैलवान आणि त्याच्या मित्रांनी खुर्ची आमच्या अरुंद जिन्यावरून खाली नेली. वाटेत ती वळणावर अडकली, तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक ऑफिसला जायचे थांबले, खालचे भाजी घेऊन वर यायचे थांबले, आणि काकांनी कोनमापक आणून तिला कोणत्या अंशात फिरवावं याचं गणित मांडलं. गणित पूर्ण होण्याआधी पैलवानाने ती डोक्यावर घेतली.

प्रदर्शनाचं उद्घाटन प्राचार्यांच्या हस्ते होतं. प्राचार्य हा अधिकारी वृत्तीचा माणूस. एखादी खुर्ची आपल्याला जुमानणार नाही ही गोष्ट त्यांच्या अनुभवात बसत नव्हती. सवय हवी, असं म्हणून ते माझ्याकडे जरा कीव करून बघत खुर्चीत बसले आणि दांडी ओढली. समोर विद्यार्थी होते, पाहुणे म्हणून आलेले ग्राहक संघटनेचे कार्यकर्ते होते, फोटोवाला होता. प्राचार्यांनी दांडी परत ढकलली. मग जोरात ढकलली. मग सभागृहात अशी शांतता पसरली जी मी माझ्या तासाला कधीच मिळवू शकलो नव्हतो. मी मदतीला पुढे झालो, तर त्यांनी हाताने मला थोपवलं आणि आडव्या अवस्थेतच, पंख्याकडे बघत, उद्घाटनाचं भाषण सुरू केलं. भाषण नेहमीपेक्षा चांगलं झालं. पाहुण्यांना वाटलं की हा निषेधाचा नवा प्रकार आहे. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तेव्हा भाषण संपलं असं समजून पैलवानाने प्राचार्यांना काखेत हात घालून उभं केलं.

त्या दिवसापासून प्राचार्यांनी माझ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. खरा घाव मात्र दुकानातून आला. प्रदर्शनाचा फोटो पाहून फर्निचरवाल्याने फोन केला. आवाजात तोच जिव्हाळा. म्हणाला, सर, वॉरंटी घरगुती वापरासाठी असते, तुम्ही तर खुर्ची संस्थेत वापरली, भाषणंबिषणं केलीत तिच्यावरून, आता माझे हात बांधले गेले. या वेळीही मी त्याचे आभार मानणार होतो, पण बायकोने फोन काढून घेतला.

मग तक्रार ग्राहक आयोगात न्यायचं ठरलं. अर्ज संगणकावरून भरायचा होता. तक्रार कोणत्या प्रकारची आहे हे निवडायला एक लांबलचक यादी होती, आणि तिच्यात मी 'मागे झुकणारी आसने' हे शब्द पाहिले. आपल्या खुर्चीची आयोगाला आधीच कल्पना असलेली बघून मी भारावलो आणि तेच निवडलं. यथावकाश उत्तर आलं की प्रवासाची तारीख, बसचा क्रमांक आणि तिकिटाची प्रत सादर करावी. खुर्चीने मी कुठेही गेलेलो नाही, तोच तर प्रश्न आहे, असं मी कळवलं. त्यावर प्रवास रद्द झाल्याचं प्रमाणपत्र जोडा असं उत्तर आलं. शेवटी प्रत्यक्ष कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की प्रकार बदलता येतो, पण त्यासाठी आधी चुकीच्या प्रकाराची तक्रार निकाली निघावी लागेल. मी एका न केलेल्या बसप्रवासाबद्दलची, न केलेली तक्रार रीतसर मागे घेतली. अशा तऱ्हेने बसवाल्यांना माफ केल्यावर खुर्चीचा मार्ग मोकळा झाला.

आयोगाने दोन्ही बाजूंना मध्यस्थासमोर बोलावलं. तारीख जवळ आली आणि एका संध्याकाळी फर्निचरवाला स्वतः घरी आला.

बायको बाहेर गेली होती. हे त्याला कसं कळलं ते मला अजून कळलेलं नाही. त्याने माझ्या पाठीची चौकशी केली, भिंतीवरच्या नकाशांचं कौतुक केलं, आपल्या मुलीला भूगोलात कमी गुण पडतात म्हणून खंत केली. मी चहा केला. मग तो म्हणाला की सर, तुमच्यासारख्या सज्जन माणसाने कोर्टाची पायरी चढायची म्हणजे मलाच कसंसं वाटतं. त्याने पिशवीतून दोन उशा काढल्या. एक कंबरेला, एक डोक्याला. या घ्या आणि विषय संपवा. उशा चांगल्या होत्या, मऊ, मखमली. माझ्यासमोर एक माणूस अवघडून बसला होता, आणि माणूस अवघडलेला मला बघवत नाही, मग त्याने मला वर्षभर आडवं पाडलेलं का असेना. मी हो म्हटलं. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की प्रकरण सामोपचाराने मिटलं आहे, आणि सामोपचार हीदेखील एक मोठी गोष्ट आहे. पैलवान आपल्या हाताकडे बघत बसला. तास संपून सगळे गेले, तरी मौनी दारापाशी उभी होती. पैलवान आजूबाजूला नव्हता, त्यामुळे तिला स्वतःलाच बोलावं लागलं.

"सर, खुर्ची तुमची आहे. तुम्ही ठरवाल तसं. पण मी घरी सांगितलं होतं की मी आयोगासमोर जाणार आहे. माझे बाबा हसले. म्हणाले, तुला रिक्षावाल्याकडे सुट्टे मागता येत नाहीत. मी म्हटलं, सरांनाही येत नव्हतं, ते शिकतायत."

एवढं बोलून ती गेली. मी बराच वेळ फळा पुसत राहिलो. फळा कोराच होता.

संध्याकाळी मी दोन्ही उशा काखोटीला मारल्या आणि दुकानाकडे निघालो. रस्त्याने ओळखीचे लोक भेटत होते आणि प्रवासाला निघालात का म्हणून विचारत होते. दुकानात फर्निचरवाल्याचं हसू मला पाहून रुंदावलं, उशा पाहून थबकलं. काय बोलायचं हे मी वाटेत पाठ करून आलो होतो, ते सगळं विसरलो. उशा टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "मला उशा नकोत. मला उठता येणारी खुर्ची हवी." वाक्य पुरं झालं. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की या वेळी मी आभार मानले नव्हते. मग जरा चुटपुट लागली, पण मी परत गेलो नाही.

मध्यस्थ म्हणून एक वयस्क बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, समोर फायलींचा ढीग, आणि चेहऱ्यावर असा भाव की माणसं एकमेकांशी भांडतात याचं त्यांना आता काही वाटत नाही, फक्त हळू भांडावं. माझ्याबरोबर बायको, मौनी आणि पैलवान होते. मध्यस्थ बाईंनी मला बोलायला सांगितलं. मी उठून उभा राहिलो आणि सवयीने म्हणालो की तशी खुर्ची चांगली आहे. बायकोने डोळे मिटून घेतले. फर्निचरवाला प्रेमाने माझ्याकडे बघत होता.

तेव्हा मौनी उठली. तिच्यासाठी बोलायची परवानगी पैलवानाने मागितली, ती मिळाल्यावर पैलवान खाली बसला, आणि मग ती एकटीच बोलली. आवाज बारीकच होता, पण बाईंनी पंखा बंद करायला लावला. खुर्ची कधी घेतली, कधी बिघडली, प्रत्येक फोनला काय उत्तर मिळालं, बिलाचं काय झालं. घरात बिघडलेली वस्तू लोकांना दाखवायला बाहेर नेली म्हणून ती घरगुती राहत नाही असं असेल, तर दवाखान्यात नेलेला माणूसही घरातला राहत नाही, असंही ती म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच.

फर्निचरवाल्याने मान्य केलं की काही गिऱ्हाइकांना थोडा त्रास होतो, पण खुर्ची उत्तम आहे, राजेशाही आहे, आपण स्वतः तिची शिफारस करतो. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"दुकानात तुम्ही दिवसभर कशावर बसता?"

"मी? साध्या लाकडी खुर्चीवर."

"का बरं?"

"सारखं उठावं लागतं ना," तो म्हणाला, आणि त्याचं हसू आयुष्यात पहिल्यांदा त्याला न विचारता निघून गेलं.

बाकीचं लवकर झालं. पैसे परत मिळाले, प्रदर्शनानंतर घरी परत आलेली खुर्ची त्याचीच माणसं घेऊन गेली. जिन्यात ती पुन्हा त्याच वळणावर अडकली, पण आता ती आमची नव्हती, म्हणून सगळ्या इमारतीने मजेत बघितलं. मी एक सरळ पाठीची खुर्ची आणली. तिच्यात झोपता येत नाही, त्यामुळे पेपर तपासून होतात. कॉलेजात आमचं कौतुक झालं. कोणी सदोष इस्त्री परत केली, कोणी क्लासची फी परत मागून घेतली, पैलवानाने व्यायामशाळेला नोटीस धाडली. मी ग्राहक चळवळीवर भाषणं देऊ लागलो, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडू लागली.

अशाच एका भाषणाहून परतलो तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावलं. उद्घाटनानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा प्रसन्न दिसला. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या वर्गाची तक्रार होती, माझ्याविरुद्ध. सुनावण्या, प्रदर्शनं आणि भाषणं यांमुळे भूगोलाचे तास झाले नाहीत, भरती-ओहोटीचा धडा एका परिच्छेदात उरकला, ही सेवेतील त्रुटी आहे. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि पहिली सही मौनीची.

ज्या मुलांसाठी मी भिंतीभिंतीवर आडवा पडलो, त्यांनीच मला उभा केला होता, तोही आरोपीच्या जागी. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, पण तिने कागद वाचला आणि विचारलं, खोटं काय आहे यात? मग मीही परत वाचला. मुद्दे क्रमाने होते, भाषा सौम्य होती, मागणी स्पष्ट होती. मला गुण द्यायचे असते तर कापायला जागा नव्हती. पोटात दुखत होतं आणि छाती फुगत होती. ही दोन दुखणी एकदम होऊ शकतात हे डॉक्टरांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी जादा तास ठेवला. एकही जण येणार नाही अशी मला खात्री होती, थोडी आशाही होती. सगळे आले. मौनी पहिल्या बाकावर बसली होती. मी फळ्यावर पृथ्वी काढली, चंद्र काढला, चंद्र पाणी ओढतो म्हणून त्याच्या बाजूला भरती येते असं सांगितलं आणि पलीकडच्या बाजूलाही येते असं म्हणून घाईने पुढे जाऊ लागलो. तिने हात वर केला. चंद्र इकडे असताना पाणी तिकडे का चढतं, हे कळलं नाही म्हणाली. मी तेच वाक्य जरा मोठ्याने सांगितलं. नाही कळलं सर, असं ती पुन्हा म्हणाली, न लाजता. तिसऱ्यांदा सांगायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की ते मलाही कळलेलं नाही. खडू खाली ठेवला, मला एक आठवडा द्या म्हटलं.

तो आठवडा मी भौतिकशास्त्रवाल्या मॅडमच्या मागे लागून, पुस्तकं घेऊन, त्या सरळ पाठीच्या खुर्चीत बसून काढला. पुढच्या रविवारी वर्गाला मैदानात नेलं. पैलवानाला चंद्र केलं. त्याच्यासमोर एका ओळीत तिघं उभे राहिलो: जवळचं पाणी म्हणून एक मुलगा, मध्ये पृथ्वी म्हणून मी, आणि माझ्या पाठीमागे, सगळ्यात लांब, मौनी. चंद्राची ओढ जवळच्याला जास्त, मधल्याला कमी, लांबच्याला सगळ्यात कमी, असं समजावून मी पैलवानाला आमच्या तिघांच्या कंबरेला बांधलेल्या दोऱ्या त्या हिशोबाने ओढायला सांगितलं. जवळचा मुलगा धावत पुढे गेला. मी अडखळत त्याच्यामागे थोडा सरकलो. मौनी जेमतेम पाऊलभर हलली. मी वळून पाहिलं. पृथ्वी आणि पाणी यांच्यात पुढे जेवढी फट पडली होती, जवळजवळ तेवढीच मागेही पडली होती.

ती त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली.

"म्हणजे सर, मागे राहिलेल्या पाण्यालाही भरती येते."

मी हो म्हटलं. बाकीच्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं, म्हणून मी तिला ते परत एकदा, मोठ्याने सांगायला लावलं.